बैसा

दर बदलून घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या मुलाने
कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला.
दुपारी एक ते पाच महाग,
दिवेलागणीनंतर मध्यम,
रात्री अकरानंतर जवळपास निम्मा.
इथे सही करा, मॅडम.
सही केली, आणि त्या दिवसापासून
अकरा वाजणं ही आमच्या घरातली एक घटना झाली.

सोहारला ऑगस्टात रात्रीही भिंतीला पाठ टेकवत नाही.
कापडी छपराखाली गाडी उभी, पांढरी, सेकंडहँड,
डाव्या दारावर कुठल्याशा क्लबचं स्टिकर
खरवडून काढल्याची गोल खूण.
बॅटरी चौदा टक्के.
यंत्रात वेळ लावता येते, आपोआप सुरू होतं,
झोप तू, असं सगळे सांगतात.
पण जूनमध्ये एकदा लाईट लुकलुकली,
यंत्रातलं घड्याळ रात्रीचा दिवस करून बसलं
आणि भर दुपारच्या भावाने गाडी काठोकाठ भरली.
विश्वास गेला तो गेला.

इथे रियालच्या सुट्ट्यांना बैसा म्हणतात.
हजार बैशांचा एक रियाल.
अण्णांना सांगितलं तर फोनवर हसत सुटले,
"म्हणजे तिथे पैसासुद्धा माणसाला बसा म्हणतो!"

तर मी बसते. पायरीवर, चप्पल काढून.
गल्लीत एसींचे डबे ठिबकतायत,
हिलालच्या बकऱ्या त्या ओल्या मातीत येऊन बसल्यात.
अकरा पाचला वरच्या मजल्यावर
कुणीतरी कपड्यांचं मशीन लावतं. अकरा सातला शेजारी.
एकमेकांशी न बोलता आम्ही सगळे
एकाच तक्त्यावर आलोय.

शाजीने मात्र दर बदलला नाही.
तो खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर रात्रपाळीला.
त्याची झोप दुपारी एक ते पाच,
कागदावरची सगळ्यात महाग झोप.

तिकडे साडेबारा झालेले असतात आणि अण्णांचा फोन येतो.
तीस वर्षं पाचोऱ्याच्या सबस्टेशनात
रात्री काढलेला माणूस,
निवृत्तीला सात वर्षं झाली,
शरीराला कुणी कळवलंच नाही.

"लोड किती?"
"बत्तीस अँपियर."
"केबलला हात लावून बघ. उलटा हात."

वरून हुकूम यायचा, खटका अण्णांच्या हाताचा.
फीडर पडला की लोक फाटकाशी जमून
त्यांच्या सात पिढ्या काढत,
आणि आई सेलवरचा रेडिओ मोठा करी.
आमचं घर त्याच फीडरवर होतं.
माझी दहावी कंदिलाखाली झाली,
काचेवरची काजळी बोटाला अजून आठवते.
दुपारी ते झोपत तेव्हा खिडकीला ओली चादर,
आणि आम्ही भावंडं अंगणात कुजबुजत भांडायचो.

मी त्यांना सांगते, इथे कुणी खटका पाडत नाही, अण्णा.
भाव वाढवतात फक्त,
आणि माणूस आपण होऊन उठतो, बंद करतो.
जरा वेळ गप्प राहून म्हणाले,
"चांगलंय. शिव्या कुणाला द्यायच्या तेच कळत नाही."

उलटा हात केबलवर ठेवते.
कोमट. पोरीच्या कपाळाला लावतो तसाच हात.
"ताप नाही," मी म्हणते.
"हं," म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत.
त्यांच्या पंख्याची घरघर ऐकत बसते.

आईकडून परवा कळलं,
जुन्या लॉगबुकासारखी वही आखलीय त्यांनी.
तारीख, वेळ, सोहार, बत्तीस.
रोज एक ओळ, खाली सही.
मंगळवारी माझा फोन लागत नव्हता.
त्या ओळीत लाल पेनाने लिहिलंय,
रीडिंग मिळाले नाही.